थंड गादीवरच्या बाळाचं क्रिएटिनिन वाढतंय. थंडीनं किडनी बिघडते का?

अंबडचा मामा | रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. लांबण होईल, पण अर्धवट विचारलं की उत्तरही अर्धवट मिळतं, म्हणून सगळं लिहितो.

ताईचं पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी, सिन्नरला आलेली. दिवस पूर्ण भरलेले, सोनोग्राफ्या चांगल्या. ऐन वेळी बाळाचे ठोके खाली गेले आणि घाईघाईत सिझर झालं. बाळ रडलंच नाही. तोंडावर मास्क लावून फुग्यानं श्वास देत होते. दहाव्या मिनिटाला अपगार, म्हणजे बाळाच्या स्थितीला दहापैकी देतात ते गुण, ४. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, ६.९२. तिथल्या डॉक्टरांनी वेळ दवडला नाही, लगेच नाशिकला फोन लावला. तिकडून सांगितलं, वॉर्मर बंद करा, बाळाला तापवू नका, तापमान बघत बघत तसंच पाठवा. ॲम्ब्युलन्समध्ये पुढे मीच बसलेलो. नाशिकरोडपर्यंत झपाट्यानं आलो आणि द्वारकेला जे अडकलो ते अडकलो. नाशिककरांना वेगळं सांगायला नको. मेंदूची इजा वाढू नये म्हणून बाळाला ज्या गादीवर थंड ठेवतात, तिच्यावर मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलात घेतलं तेव्हा जन्मापासून पाचवा तास चालू होता. सहाच्या आत घ्यावं लागतं म्हणे.

मी टूलरूमवाला माणूस, आकडे दिसले की लिहून ठेवतो. गादीत पाणी फिरतं, बाळाच्या गुदद्वारात तापमानाची तार आहे, पडद्यावर ३३.४, ३३.५, ३३.६, याच्या बाहेर काटा जात नाही. ७२ तास ठेवणार, मग हळूहळू गरम करणार. आता साठावा तास चालू आहे.

मेंदूचं पहिल्या दिवसापासून सांगतायत. मध्यम इजा आहे, एकदा झटके आले, औषध चालू आहे. पण काल संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, किडनीवरही परिणाम दिसतोय. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून बाहेर काढते तो कचरा, बाराव्या तासाला ०.९, छत्तिसाव्या तासाला १.३, आज संध्याकाळी १.६. लघवी काल दर किलोला दर तासाला ०.६ मिली, आज ०.८. सोडियम १२८, पोटॅशियम ५.९. वजन २.९ किलो होतं ते ३.०५ झालंय, पापण्या सुजल्यात. सलाईन कमी केलंय आणि जेंटामायसिन बंद करून दुसरं अँटिबायोटिक लावलंय.

आता घरचं. ताईच्या सासूबाई निफाडच्या. तिकडे पारा सहावर आलाय, द्राक्षाच्या बागांत रात्री शेकोट्या पेटवतायत. त्या आज काचेतून बाळाला लांबून बघून आल्या आणि बाहेर येऊन भडकल्या. "आम्ही घडांना ऊब देतोय आणि यांनी लेकराला गारठवून टाकलंय. थंडीनंच गेली किडनी. काढा त्याला तिथून." त्यात नर्सबाईंनी सांगितलं की नाडी ९५ आहे, तर त्यांना वाटलं हृदयही गारठलं. दाजींना दोन्हीकडून ऐकावं लागतंय. उरलेले बारा तास राहू द्या की थांबवा, असं त्यांनी मला विचारलं. मी काय सांगणार?

तर थंडीनं किडनी बिघडते का? किडनीला पाणी लागतं तर सलाईन कमी का केलं? डायलिसिसपर्यंत जातं का? आणि पुढे हा पोरगा किडनीचा पेशंट म्हणूनच वाढणार का? डॉक्टर सांगतात, पण राउंडला दोन मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात आम्ही फक्त "जगेल ना" एवढंच विचारतो.

गोदाकाठचा पक्या | रात्री ११.५८

काय भो, टेन्शन नको घेऊ. आमच्या वडिलांची किडनी गोखरूच्या काढ्यानं साफ झाली होती, स्टोन पडला सगळा. बाळाला काढा नको देऊ, पण जवाचं पाणी किंवा नारळपाणी बोटानं चाटवायला काय हरकत आहे? लघवी मोकळी होईल.

निवृत्त सिस्टर, इंदिरानगर | रात्री १२.२५

पक्या, तुझ्या वडिलांच्या मुतखड्याचा आणि या बाळाचा काडीचाही संबंध नाही. नारळपाण्यात पोटॅशियम असतं आणि इथे बाळाचं तेच वर चाललंय. त्याच्या ओठांना आईच्या दुधाशिवाय काहीही लागता कामा नये, आणि तेही युनिट देईल तेव्हा, देईल तेवढंच.

मामा, मी नाशिकमध्येच नवजात बाळांच्या आयसीयूत इन्चार्ज होते. तुमची फाइल माझ्यासमोर नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांच्या वर माझा शब्द धरू नका. पण तुम्ही आकडे व्यवस्थित दिलेत, म्हणून लिहायला बसले.

सासूबाईंवर रागावू नका. आपल्याकडे बाळ जन्मलं की कुंची, टोपडं, शेगडी, ओव्याची धुरी. ज्या बाईनं आयुष्यभर बाळं गुंडाळूनच वाढवली तिला उघडं, गार, न हलणारं लेकरू दाखवलं की ती दुसरं काय म्हणणार? पण क्रम बघा. गंगापूर धरणात पाणी कमी पडलं की पिण्याचं राखून ठेवतात आणि शेतीचं आवर्तन रद्द करतात. जन्माच्या वेळी प्राणवायू तुटला की बाळाचं शरीर तेच करतं. मेंदू, हृदय आणि ॲड्रिनल ग्रंथींचं रक्त राखलं जातं. आतडी, कातडी, स्नायू आणि किडनीचं तोडलं जातं. किडनीतल्या ज्या बारीक नळ्या गाळलेल्या पाण्यातून मीठ परत खेचून घेतात त्यांना प्राणवायू फार लागतो, म्हणून तडाखा त्यांनाच जास्त बसतो. हे सगळं सिन्नरला झालं. गादी नंतर आली. नुसता क्रिएटिनिनचा आकडा उशिरा वर येतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तेव्हा बाळ गादीवर असतं, म्हणून दोष गादीला जातो.

क्रिएटिनिनबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे भले भले फसतात. जन्मल्यावरचा पहिला आकडा बाळाचा नसतोच, आईचा असतो. नाळेतून दोघांचं सारखं झालेलं असतं. तुमचं ते ०.९ म्हणजे बहुतेक ताईचंच. पूर्ण दिवसांच्या बाळात तो आकडा पहिल्या दिवसांपासून उतरायला लागतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ०.३ ते ०.५ च्या आसपास येतो. म्हणून एकट्या आकड्याला अर्थ नाही, तो कुठल्या बाजूला चाललाय ते बघायचं. लॅबच्या कागदावर शेजारी मोठ्या माणसाची मर्यादा छापलेली असते, ०.६ ते १.२ वगैरे. पाच-सहा दिवसांच्या बाळाचं १.१ आलं की नातेवाईक खूश होतात, "नॉर्मल आहे, ठळक केलेलं नाही." अहो, ते उतरायला हवं होतं, उतरलं नाही, हीच तक्रार आहे. ४८ तासांत ०.३ नं वाढलं किंवा आधीच्या सगळ्यात कमी आकड्याच्या दीडपट झालं की किडनीला इजा झाली असं धरतात. तुमच्या बाळात दोन्ही झालंय, डॉक्टर बरोबर बोलले. घाबरवायला सांगत नाही. तुम्ही वही ठेवलीच आहे, तर तारीख, तास आणि आकडा एका ओळीत लिहा आणि ती ओळ कुठे वळते ते बघा.

लघवीचंही तसंच. आमच्या वॉर्डात प्रत्येक कोऱ्या डायपरवर पेनानं त्याचं कोरडं वजन लिहून ठेवायचो. दर तीन तासांनी ओला डायपर काट्यावर ठेवायचा, कोरडं वजन वजा करायचं, एक ग्रॅमला एक मिली. २.९ किलोच्या बाळाचं ०.६ म्हणजे तीन तासांत पाच मिली, चमचाभर. त्यात शी मिसळली की हिशोब गेला. नवीन मुली शीसकट आकडा लिहायच्या आणि मी ओरडायचे, कारण त्या चमचाभरावर दुसऱ्या दिवशीचं सलाईन ठरणार असतं. लघवीची नळी घातली असेल तर हा प्रश्न नाही. नसेल तर एक विचारून ठेवा, मूत्राशय तट्ट झालंय का बघितलं का? झटक्यांचं औषध आणि गुंगीचं इंजेक्शन चालू असलं की बाळाला लघवी सोडता येत नाही. किडनी बनवतेय पण बाहेर येत नाही, असंही होतं. डायपरवर विटकरी-गुलाबी डाग दिसला तर लगेच रक्त म्हणून आरडाओरडा करू नका, घट्ट लघवीत युरिक ॲसिडचे बारीक कण उतरतात त्याचा तो रंग असतो. सिस्टरला दाखवा फक्त.

सलाईन का कमी केलं? पाणी आत जातंय, बाहेर येत नाहीये. दीडशे ग्रॅम वजन दोन दिवसांत वाढलं ते काही अंगी लागलेलं नाही. पाणी साठलं की सोडियम पातळ होतं, म्हणूनच १२८. सोडियम आणखी उतरलं तर मेंदूला सूज आणि झटके, आणि या बाळाला नेमकं तेच परवडणार नाही. म्हणून कातडीवाटे-श्वासावाटे जातं तेवढं आणि लघवीवाटे जातं तेवढं, असा हिशोब करून पाणी देतात. साखर मात्र खाली जाऊ द्यायची नाही, म्हणून थोडं पण जास्त गोड सलाईन.

पोटॅशियम ५.९ कुठून घेतलंय ते विचारा. टाचेला टोचून, पिळून काढलेल्या रक्तात पेशी फुटतात आणि आकडा खोटाच वर येतो. नाळेतल्या लाइनमधून घेतलं असेल तर खरं धरायचं. जेंटामायसिन बंद केलं हे उत्तम केलं. ते किडनीवाटेच बाहेर पडतं, थंड केलेल्या बाळात हळू पडतं, आणि साठलं तर त्याच नळ्यांना त्रास देतं.

नाडी ९५ म्हणजे हृदय गारठलं नाही. ३३.५ ला ठोके नव्वद-शंभरच्या घरात असणं अपेक्षितच आहे. गादीवरून मध्येच उठवून एकदम गरम करणं मात्र धोक्याचं. गरम करताना कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतात, बीपी पडतं, झटके उसळतात, आणि बीपी पडलं की किडनीचा रक्तपुरवठा पुन्हा तुटतो. म्हणून तासाला अर्ध्या अंशापेक्षा जास्त चढवत नाहीत. सासूबाईंना सांगा, उद्यापासून गरमच करायचंय, पण त्यांच्या हिशोबानं नव्हे, मशीनच्या.

डायलिसिस फार थोड्या बाळांना लागतं. लागलंच तर पोटात बारीक नळी घालून पाणी सोडतात आणि काढतात. लघवी अजिबात बंद, पोटॅशियम औषधांना न जुमानणारं, असं काही असेल तर. तुमची लघवी ०.६ वरून ०.८ वर आलीय, मी असते तर आज त्या दोन दशांशांवर झोपले असते.

ताईचं दूध काढताय ना? सिझरचं दुखणं आणि बाळ तीस किलोमीटर लांब, म्हणून सगळ्या घरचे ते विसरतात. दर तीन तासांनी हातानं काढायला लावा. किडनीला आईच्या दुधाइतकं हलकं दुसरं काही नाही, त्यात क्षार कमी असतात.

डॉ. ओपीडीनंतर | रात्री १.१०

बालरोग विभागात काम करतो. सिस्टरांनी बहुतेक सगळं लिहिलंय, मी आकडे देतो.

थंडीनं किडनी बिघडते का, यावर आपल्याच देशातला अभ्यास आहे. पुदुच्चेरीच्या जिपमर रुग्णालयात १२० बाळांची चाचणी झाली, २०१६ साली छापून आली. थंड केलेल्या बाळांत किडनीची इजा ३२ टक्क्यांना, न केलेल्यांत ६० टक्क्यांना. म्हणजे सासूबाई म्हणतात त्याच्या नेमकं उलट. तरीही थंड करूनही बऱ्याच बाळांच्या किडनीला इजा होतेच. चार देशांतल्या रुग्णालयांनी मिळून केलेल्या अवेकन अभ्यासात प्राणवायू तुटून मेंदूला इजा झालेल्या ११३ बाळांपैकी ४७ जणांच्या किडनीला इजा दिसली. थोडक्यात, तुमच्या बाळाचं काही जगावेगळं झालेलं नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर उद्या कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवेल आणि तुमची झोप उडेल. अमेरिकेतल्या २००५ च्या चाचणीत थंड केल्यानं मृत्यू किंवा मध्यम-तीव्र अपंगत्व ६२ टक्क्यांवरून ४४ वर आलं. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात ४०८ बाळांवर झालेल्या हेलिक्स चाचणीत, २०२१ मध्ये छापलेल्या, फायदा दिसला नाही. उलट थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले, ४२ टक्के विरुद्ध ३१ टक्के. आपल्याकडच्या बऱ्याच बाळांच्या मेंदूला इजा कळा लांबल्या तेव्हाच, जन्माच्या बरीच आधी झालेली असते, असा त्याचा एक अर्थ लावतात. वाद चालू आहे. पण तो वाद गादीवर घ्यायचं की नाही याचा आहे. साठाव्या तासाला उठवा, असं त्यातून कोणीही म्हणत नाही.

किडनी वाचवायला म्हणून सुचवतात त्या थिओफिलिन औषधाबद्दल कोणी बोललं तर: श्वास गुदमरलेल्या बाळांना सुरुवातीला एक डोस द्यावा अशी सूचना २०१२ च्या किडनीविषयक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आहे. तिच्यामागचे अभ्यास बहुतेक थंड न केलेल्या बाळांचे आहेत, आणि आता तुमची ती वेळही गेली. लघवीचं इंजेक्शन, म्हणजे फ्युरोसेमाइड, दिलं तर लघवी वाढलेली दिसेल, पण त्यानं किडनी दुरुस्त होत नाही. त्यावर खूश होऊ नका आणि दिलं नाही म्हणून भांडू नका.

निवृत्त सिस्टर, इंदिरानगर | रात्री १.१८

डॉक्टर, रात्री एक वाजता त्या पोराला ४२ टक्के वाचायला देण्याची खरंच गरज होती का?

डॉ. ओपीडीनंतर | रात्री १.२४

होती. त्याला आकडे कळतात, आणि अर्धं सांगितलं की नातेवाईक उरलेलं अर्धं चुकीच्या माणसाकडून ऐकतात. शिवाय हा निर्णय दाजींचा आहे, त्यांना सगळं माहीत असायला हवं.

अंबडचा मामा | रात्री १.३१

सिस्टर, चालेल. मला पाहिजेच होतं. दाजींनी वाचलं. बारा तास राहू देतोय.

सातपूरची आई | सकाळी ७.०५

मामा, माझी मुलगी यातूनच गेलीय. आता पहिलीत आहे. तिचं क्रिएटिनिन दोनपर्यंत गेलं होतं, लघवी दीड दिवस जवळपास नव्हतीच. मग एका रात्री एकदम धो धो सुरू झाली. आम्हाला आनंद, आणि सिस्टर काळजीत! का, तर किडनी सावरताना आधी नुसतं पाणी सोडते, मीठही जातं, मग सोडियम-पोटॅशियम पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. तेव्हा सलाईन उलट वाढवावं लागलं. हे आधी माहीत असतं तर आम्ही त्या दिवशी एवढे गोंधळलो नसतो, म्हणून लिहितेय.

किडनी तिची आज ठीक आहे. बोलायला उशीर झाला, डाव्या हाताची पकड अजून कमी आहे, त्याचे व्यायाम चालू आहेत. खोटा दिलासा देत नाही. पण तुम्ही विचारलंत किडनीचं, तर ते सांगते: डॉक्टरांनी तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासलं, मग वर्षातून एकदा बीपी आणि लघवी. आम्हाला समजावलं होतं की किडनीच्या गाळण्या पोटातच, साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तयार होतात, नंतर नवीन येत नाहीत. ज्या राहिल्या त्यांनाच आयुष्यभर काम करायचंय, म्हणून त्यांना जपायचं. जुलाब-उलट्या झाल्या की थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. तापाला पॅरासिटामॉलच. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडचं गोड औषध दुकानदारानं दिलं तरी घ्यायचं नाही. मी प्रत्येक नव्या डॉक्टरांना हे स्वतःहून सांगते, कारण तिच्याकडे बघून सगळ्यांना हात दिसतो. किडनी कोणाला दिसणार?

बिलाचं बघितलं का? हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्र बसतो, आजच गाठा, रेशनकार्ड घेऊन. नंतर म्हणतात आधी का नाही आलात. आणि सिव्हिलच्या नवजात विभागात बाळाचे उपचार मोफत असतात, पण आत्ता या अवस्थेत बाळ हलवायचं असं मी म्हणत नाही.

गोदाकाठचा पक्या | सकाळी ८.४०

सिस्टर, नारळपाण्याचं माहीत नव्हतं. बाकी मामा, रक्त लागलं तर सांग, बी पॉझिटिव्ह आहे, पंचवटीतून दहा मिनिटांत येतो.

अंबडचा मामा | पुढच्या आठवड्यात, दुपारी २.१५

सगळ्यांना खबर देतो, उशीर झाला.

गरम करायला आठ तास घेतले. मध्ये एकदा बीपी खाली आलं, औषध वाढवलं, झटका आला नाही. क्रिएटिनिन आणखी चढून १.७ ला थांबलं, मग १.३, मग ०.८. सातपूरच्या ताईंनी लिहिलं होतं तसंच झालं, लघवी एकदम किलोला तासाला पाच मिलीवर गेली आणि सलाईन वाढवलं. त्या रात्री दाजी घाबरले नाहीत, उलट बाहेर बसलेल्या दुसऱ्या एका बापाला समजावत होते. पोटॅशियम ५.९ टाचेचंच निघालं. लाइनमधून पुन्हा पाठवलं तर ५.१.

वजन उतरून २.८५ झालं. नळीनं ताईचं दूध चालू आहे, काल वाटी-चमच्यानंही घेतलं. एमआरआयमध्ये थोडे बदल आहेत. त्यावर फिजिओथेरपी आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे फेऱ्या सांगितल्यात, त्याबद्दल वेगळा धागा काढेन, तो विषय मोठा आहे.

सासूबाईंचं म्हणाल तर "थंडीनं गेली" आता म्हणत नाहीत. "गरम केल्यावर बरी झाली ना?" असं म्हणतात. मी वाद घातला नाही. गुटीची सहाण मात्र निफाडहून आलीय, बदाम-खारकेसकट.

एक गोष्ट सिस्टरांना सांगायची होती. डिस्चार्ज कार्डाचा कच्चा कागद बघितला. मेंदू, झटके, थंड उपचार, कानाची तपासणी, सगळं होतं. किडनीचा एक शब्द नाही. क्रिएटिनिन आता चांगलं आहे म्हणून लिहिलं नसेल. मी वही दाखवली, तर निवासी डॉक्टरबाईंनी काही न बोलता निदानात किडनीची इजा, सगळ्यात वरचा आकडा १.७, सोडतानाचा ०.६ आणि तीन महिन्यांनी तपासणी, असं लिहून दिलं. जेंटामायसिन कधी बंद केलं तेही लिहून घेतलं.

आता ताई बाळाला घेऊन आधी सिन्नरलाच जाणार. तिथे दर महिन्याला बीपी बघायला सांगितलंय. जवळच्या दवाखान्यात विचारलं तर म्हणाले, एवढ्या लहान बाळाचं बीपी कोण बघतं?

निवृत्त सिस्टर, इंदिरानगर | दुपारी ३.००

बघतात. पण बाळाच्या मापाचा पट्टा लागतो, मोठ्या माणसाचा गुंडाळून घेतलेला आकडा कामाचा नाही. जायच्या आधी फोन करून पट्टा आहे का ते विचारा, नसेल तर लसीकरणाच्या तारखांना नाशिकलाच आणा, दोन्ही कामं होतील. रडताना घेतलेलं बीपी धरायचं नाही. दूध पाजून, झोप लागली की उजव्या दंडावर घ्यायला सांगा आणि तुमच्या त्याच वहीत लिहा.

गुटी नको, मध नको, सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको. सहाण फेकायला सांगू नका, सासूबाई दुखावतील. वर माळ्यावर ठेवा. कुंची मात्र घालू द्या त्यांना, आता गरज आहे. शेगडी खोलीत नको, धूर होतो.